गाळ वाहून गेल्यावरचा धोका

श्रोतेहो, नमस्कार.

कारखान्याच्या गाळाचा बांध फुटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे विषारी आहे का हो?" प्रश्न साहजिक आहे, पण अपुरा आहे. गाळात काय आहे एवढ्यावर धोका ठरत नाही. ते माणसाच्या अंगात कोणत्या वाटेनं शिरतं, किती शिरतं आणि किती काळ शिरत राहतं, हेही बघावं लागतं. आणि ही वाट बदलत जाते.

हंगेरीतल्या आयका इथं ४ ऑक्टोबर २०१० रोजी काय झालं बघा. बॉक्साइट या खनिजापासून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा माल, काढल्यावर उरलेला लाल चिखल तिथं बांधामागं साठवला होता. भर दुपारी बांध फुटला आणि कोलोंतार, देवेचेर ही गावं लाटेखाली आली. दहा माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. तो लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच. खरी भीती होती चिखलात उरलेल्या कॉस्टिक सोड्याची. त्याचा पीएच, म्हणजे शाळेतला सामू, १३ च्या आसपास होता. ही मोजपट्टी मोठी फसवी. एक अंक वाढला की तीव्रता दहापट! शुद्ध पाण्याचे ७ आणि हे १३, यांत दहा लाख पटींचा फरक आहे.

तीव्र आम्ल अंगावर पडलं की बहुधा लगेच चटका बसतो आणि माणूस सावध होतो. सोड्याचं तसं नाही. तो त्वचेतल्या चरबीचा अक्षरशः साबण करतो. बोटं बुळबुळीत लागतात, वेदना पुष्कळदा उशिरा जाणवते आणि तोवर जखम आत उतरत राहते. म्हणून अशा वेळी प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबू नये. भिजलेले कपडे उतरवावेत, भरपूर वाहत्या पाण्यानं बराच वेळ धुवावं आणि फारसं दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवावं.

पुढं चिखल वाळतो, धूळ उडते. आता धोका कुणाला? अंगण झाडणाऱ्यांना, जमिनीवर खेळणाऱ्या मुलांना, दमेकऱ्यांना. आधी त्वचा आणि डोळे सांभाळायचे होते, आता फुप्फुसं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात केलेलं मूल्यमापन महिन्याभरानं जसंच्या तसं वापरणं मला तरी बेजबाबदारपणाचं वाटतं.

मग येतं पाणी. पाणी नितळ दिसतंय, उकळून पिऊ, असं पुष्कळ जण म्हणतात. उकळल्यानं जंतू मरतात. आर्सेनिक, शिसं जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. आणि कधी वाट पाण्यातून ताटात जाते. जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत कारखान्याचा पारा सांडपाण्यातून जात होता. लोक आजारी पडले ते मासे खाऊन, कारण पारा अन्नसाखळीत वर वर साठत जातो. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची, आणि तो पारा सोडणं थांबलं १९६८ साली!

"नमुने सुरक्षित आहेत" असं कुणी सांगितलं, तर विचारा: कुठून घेतले? पाऊस पडून गेल्यावर पुन्हा घेतले का? नेमकं काय काय तपासलं? गळतीच्या वरच्या अंगाचा, म्हणजे जिथं गाळ पोचलाच नाही तिथला, नमुना आहे का? तो नसेल, तर विहिरीतलं आर्सेनिक या गाळाचं की मुळात खडकातलं, हे सांगायचं कसं? आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. अहवालातला आकडा त्याशेजारी ठेवून बघा.

एक गट मात्र हमखास विसरला जातो, तो म्हणजे गाळ उपसणारे कामगार. अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्स्टन इथं डिसेंबर २००८ मध्ये कोळशाच्या राखेचा बांध फुटला. तिथं साफसफाई करणाऱ्या अनेकांनी पुढं आजारपणाच्या तक्रारी करत कोर्टात धाव घेतली. काम देणाऱ्या कंत्राटदारानं पुरेशी काळजी घेतली नाही, असा कौल ज्यूरीनं २०१८ मध्ये दिला. म्हणजे घटनेनंतर दहा वर्षांनी. कोण, कुठं, किती दिवस राबलं आणि तोंडाला मास्क होता की नाही, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवायला फारसा खर्च येत नाही.

नमस्कार.