टॉमकॅट अडकला? रिस्टार्ट मारायच्या आधी दोन मिनिटं थांबा

नमस्कार मंडळी. मागून जो घरघर आवाज येतोय, तो जिनिंगचा आहे. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसात बसून आजचा व्हिडिओ करतोय. इथला वजनकाट्याचा प्रोग्राम जावामध्ये लिहिलेला आहे, टॉमकॅटवर, म्हणजे जावाची वेब ॲप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरवर चालतो, आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे आहे.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. दिवाळी झालेली, कापसाची आवक जोरात, गाड्यांची रांग गेटबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत. काट्यावर काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन नोंदवलं जातं. गाडी आत जाऊन खाली होते. रिकामी गाडी परत काट्यावर येते, पुन्हा वजन. दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ कापूस. त्याची पावती काट्याच्या केबिनमधल्या प्रिंटरवर निघते आणि ती हातात घेऊनच शेतकरी हिशोबाच्या खिडकीवर जातो.

सकाळी अकराच्या सुमारास काट्यावरच्या काकांचा फोन आला. "दादा, नुसतं गोल गोल फिरून रायलं, पावती निघून नाही रायली." मी टॉमकॅट रिस्टार्ट केला, सुरू झाला. दोन वाजता पुन्हा तेच, पुन्हा रिस्टार्ट. पाच वाजता तिसऱ्यांदा. तेव्हा मी काट्यावरच उभा होतो. एक शेतकरीदादा जवळ आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "भाऊ, सकाळी सहाले निघालो घरून. गाडी भाड्याची हाय. खाली कधी होईन, एवढंच सांग मले."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवसभरात दोनदा सर्व्हर उठवला होता, पण तो का पडतोय हे बघितलंच नव्हतं. म्हणून आज जे सांगतोय ते मनापासून सांगतोय: अडकलेला सर्व्हर रिस्टार्ट करायच्या आधी त्याचा थ्रेड डंप घ्या. थ्रेड म्हणजे सर्व्हरच्या आत काम करणारे गडी, आणि थ्रेड डंप म्हणजे त्या क्षणी कोणता गडी कोडच्या कुठल्या ओळीवर उभा आहे याची यादी. कपाशी पिवळी पडली की आपण आधी पान उलटून पाहतो, तुडतुडे आहेत की पांढरी माशी, आणि मग औषध ठरवतो. रिस्टार्ट म्हणजे पान न उलटता मारलेला फवारा. वर आणखी एक नुकसान असं की रिस्टार्ट झाला की ते पानच नाहीसं होतं. आत कोण कशासाठी अडकलं होतं ही सगळी माहिती प्रोसेसच्या मेमरीत असते, आणि प्रोसेस गेली की ती गेली.

आता आधी लक्षण नीट ओळखा. "सर्व्हर डाउन आहे" या एका वाक्यात चार वेगळे आजार लपलेले असतात. ब्राउझर लगेच म्हणाला की कनेक्शन नाकारलं, तर ८०८० पोर्टवर कोणी ऐकतच नाही, म्हणजे प्रोसेस मेलेली आहे किंवा उठलीच नाही. ४०४ आला तर टॉमकॅट जिवंत आहे, पण तुमचं ॲप्लिकेशन त्यात चढलेलं नाही. ५०० आला तर ॲप्लिकेशन चढलंय, कोडमध्ये काहीतरी फुटलं, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये बघा. आणि पेज नुसतं फिरत राहिलं, तर सगळं जिवंत आहे पण आत कोणीतरी कोणाची तरी वाट पाहतंय. आमचा आजार हा चौथा होता.

या चौथ्या प्रकारात एक गोष्ट हमखास फसवते. आपण ॲक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या रिक्वेस्टची नोंद असलेली फाइल उघडतो आणि तिथे काहीच नसतं. वाटतं, रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत, नेटवर्कचा घोळ असेल. मीही त्या दिवशी अर्धा तास केबल तपासत बसलो होतो. टॉमकॅट ॲक्सेस लॉगमध्ये ओळ लिहितो ती रिक्वेस्ट पूर्ण झाल्यावर. अडकलेली रिक्वेस्ट पूर्णच झालेली नाही, मग तिची ओळ दिसणार कशी? फिरणारं पेज आणि शांत ॲक्सेस लॉग एकत्र दिसले, तर नेटवर्कच्या मागे लागण्याआधी थ्रेड डंप घ्या.

(स्क्रीनवर टर्मिनल)

घ्यायचा कसा? आधी टॉमकॅटच्या प्रोसेसचा नंबर काढा. मग जेस्टॅक (थ्रेड डंप काढणारा कमांड), स्पेस, तो नंबर, आणि आउटपुट एका फाइलमध्ये वळवा. टॉमकॅट ज्या युजरने चालतोय त्याच युजरने हा कमांड चालवायचा. रूटने चालवून "चालत नाही हो" म्हणणारे फोन मला खूप येतात. जेस्टॅक जेडीकेसोबत, म्हणजे जावाच्या डेव्हलपरच्या संचासोबत येतो, मशीनवर फक्त जेआरई, म्हणजे नुसतं जावा चालवण्यापुरता संच असेल तर सापडणार नाही. तेव्हा दुसरी वाट: किल, मायनस तीन, प्रोसेस नंबर. नाव किल असलं तरी घाबरू नका. तीन नंबरच्या सिग्नलने जावाची प्रोसेस मरत नाही, ती सगळ्या थ्रेडची हालहवाल छापते आणि पुढे चालत राहते. हे छापलेलं कॅटलिना डॉट आउट या टॉमकॅटच्या लॉग फाइलमध्ये मिळेल. टॉमकॅट सिस्टमडीमधून (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था) चालवत असाल आणि ती फाइलच नसेल, तर तिच्या जर्नलमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये.

एकच डंप घेऊन थांबू नका. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन घ्या. एका डंपमध्ये थ्रेड कुठे आहे ते कळतं, तीन डंपमध्ये तो तिथून हलतोय की नाही ते कळतं. या सगळ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. मग खुशाल रिस्टार्ट करा, गाड्या उभ्या आहेत, त्यांना ताटकळत ठेवायचं नाही.

त्या संध्याकाळी पाच वाजता मी हेच केलं. आता ती फाइल सोबत वाचू.

(स्क्रीनवर थ्रेड डंप)

हे बघा. फाइल लांबलचक दिसते, पण सगळी वाचायची नसते. "एचटीटीपी, एनआयओ, ८०८०, एक्झेक" अशी सुरुवात असलेले थ्रेड शोधा. ब्राउझरकडून आलेलं काम हेच करतात. टॉमकॅटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये काही बदललं नसेल तर ते जास्तीत जास्त २०० असतात. आमच्याकडे त्यातले ६१ एकाच जागी उभे होते. प्रत्येकाची अवस्था वेटिंग. खाली ओळ बघा: जेनेरिक ऑब्जेक्ट पूल, बॉरो ऑब्जेक्ट. त्याखाली: बेसिक डेटा सोर्स, गेट कनेक्शन. आणि थोडं आणखी खाली गेलं की आपल्या स्वतःच्या कोडची पहिली ओळ, पावती सेव्ह करणारी. तिन्ही डंपमध्ये हेच ६१ तिथेच. म्हणजे ६१ जण डेटाबेसचं कनेक्शन मागत उभे आहेत आणि ते कोणालाच मिळत नाहीये.

कनेक्शन पूल कसा चालतो ते आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. समजा गावात आठ फवारणी पंप सामाईक ठेवलेत. ज्याला लागेल त्याने न्यावा, फवारणी झाली की आणून ठेवावा. सगळे परत आणत असतील तर आठ पंपांत अख्ख्या गावाचं भागतं. पण कोणी नेला आणि वावरातच ठेवला, तर सात उरले. दुसऱ्यानेही तसंच केलं, सहा. आठवा गेला की नववा माणूस रिकाम्या खोलीसमोर उभा.

आठ हा आकडा मी सहज नाही घेतला. टॉमकॅटसोबत येणारा जो नेहमीचा पूल आहे, त्यात तुम्ही काही लिहिलं नाही तर कनेक्शनची कमाल संख्या ८ असते. आणि कनेक्शन नसेल तर किती वेळ थांबायचं, त्याची मूळ किंमत उणे १ आहे, म्हणजे कितीही. मागणारा थ्रेड एररही देत नाही, सोडूनही देत नाही. डेटाबेसची माहिती लिहायची आमची फाइल म्हणजे कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल, तिच्यात फक्त पत्ता, युजर आणि पासवर्ड लिहिलेला. बाकी सगळं मूळ किमतीवर.

मग आठ पंप नेले कोणी? त्यासाठी कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये दोन गोष्टी घातल्या. एक, लॉग अबॅन्डन्ड ट्रू. दुसरी, रिमूव्ह अबॅन्डन्ड ऑन बॉरो ट्रू. वेळेची मर्यादा मूळचीच ठेवली, ३०० सेकंद. अर्थ असा की पाच मिनिटं कोणी कनेक्शन वापरलं नाही आणि परतही केलं नाही, तर पुढचा मागणारा आल्यावर पूल ते काढून घेतो, आणि ते कोडच्या कुठल्या ओळीने उचललं होतं तेही लॉगमध्ये छापतो. शिवाय थांबायची मुदत १० सेकंद केली, म्हणजे निदान एरर दिसेल, पेज फिरत बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉगमध्ये नाव आलं: पावती छापणारा कोड. उघडून पाहिला. कनेक्शन घेतो, वजन नोंदवतो, नेटवर्कवरच्या प्रिंटरला पावती पाठवतो, आणि शेवटच्या ओळीत कनेक्शन परत करतो. सरळ दिसतं ना? पण प्रिंटरला पाठवताना एक्सेप्शन, म्हणजे कोड मध्येच तोडणारी चूक आली की शेवटची ओळ चालतच नाही. कनेक्शन वावरातच राहिलं.

आणि प्रिंटरला एक्सेप्शन कधी येणार? लाईन गेली की! सर्व्हर इन्व्हर्टरवर, काट्याचा कॉम्प्युटर छोट्या यूपीएसवर, पण प्रिंटर थेट भिंतीतल्या बोर्डावर. लाईन गेली की प्रिंटर बंद, काका दोन-तीनदा बटण दाबणार, दोन-तीन कनेक्शन गेली. त्या दिवशी लाईनचा लपंडाव सुरू होता, तीन-चार वेळात आठ संपली. मी रिस्टार्ट केला की आठही भरून यायची आणि मला वाटायचं, झालं दुरुस्त.

तुमच्या कोडमध्ये असं असेल तर उपाय जुनाच आहे: ट्राय विथ रिसोर्सेस. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, भाषेतच आहे. कनेक्शन ट्रायच्या कंसात उघडा, आत काहीही फुटलं तरी ते परत जातंच. रिमूव्ह अबॅन्डन्ड हा शोध लावायला चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर वर्षानुवर्षं गळका कोड चालवू नका. पूल ८ वरून ८० केला तरी गळती तीच राहते, अडकायला फक्त जास्त वेळ लागतो.

लाईनचा विषय निघालाय तर ४०४ बद्दलही सांगतो, खेड्यात हे नेहमी होतं. लाईन जाऊन आली, मशीन आपोआप चालू झालं, टॉमकॅटही उठला, पण डेटाबेस अजून उठतोय. ॲप्लिकेशन सुरू होताना डेटाबेस मागतं, मिळत नाही, आणि ते चढतच नाही. पाच मिनिटांनी डेटाबेस तयार असतो, तरी ४०४ जात नाही, कारण टॉमकॅट स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाही. कॅटलिनाच्या लॉगमध्ये एवढंच दिसतं की एक किंवा जास्त लिसनर (ॲप्लिकेशन चढताना चालणारे कोडचे तुकडे) सुरू झाले नाहीत. खरं कारण शेजारच्या फाइलमध्ये असतं, लोकलहोस्ट नाव आणि पुढे तारीख असलेली. ती फाइल कोणी उघडतच नाही. दोन्ही एकाच मशीनवर असतील तर सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये आफ्टर लिहून टॉमकॅटला डेटाबेसच्या मागे उभा करा.

प्रोसेसच गायब असेल आणि कॅटलिना डॉट आउटमध्ये निरोपाची एक ओळही नसेल, तर डीमेसेज, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या नोंदी दाखवणारा कमांड चालवून बघा. मेमरी संपल्यावर लिनक्स स्वतः प्रोसेस मारतं आणि नोंद तिथेच करतं. बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह नावाची फाइल बनवून जावाची मेमरी स्वतः ठरवा. काही ठरवलं नाही तर जावा साधारण रॅमच्या चौथ्या हिश्शापर्यंत हीप, म्हणजे कामाची मेमरी घेते. डिस्क भरली का, तेही बघा. कॅटलिना डॉट आउट आपोआप बाजूला होऊन नवी फाइल सुरू होत नाही, तीच वाढत जाते.

आणि ८००९ पोर्टवरचा एजेपी (पुढे दुसरा वेब सर्व्हर असेल तर त्याने टॉमकॅटशी बोलायची वाट) लागत नसेल तर बंदच ठेवा. २०२० मध्ये त्यातूनच घोस्टकॅट नावाचं सुरक्षेतलं भगदाड समोर आलं होतं, टॉमकॅटच्या नऊ मालिकेत ९.०.३१ च्या आधीच्या आवृत्त्यांत ते आहे.

आता परत काट्यावर. कोड दुरुस्त केला, प्रिंटरला यूपीएस दिला. पण यूपीएस लावल्यावर दुरुस्ती तपासणार कशी? म्हणून रविवारी काटा बंद असताना काकांना बोलावलं आणि प्रिंटरची वायरच काढली. चाचणीच्या डेटाबेसवर बारा पावत्या ओळीने मारल्या. बाराही वेळा स्क्रीनवर "प्रिंटर सापडला नाही" असं लाल अक्षरात आलं, एकदाही पेज फिरत राहिलं नाही. तेरावी नोंद केली, वजन सेव्ह झालं. थ्रेड डंप घेतला, गेट कनेक्शनवर उभा एकही थ्रेड नाही.

काकांनी वायर परत लावली, राहिलेल्या पावत्या छापल्या, आणि त्याच दिवशी मी त्यांच्या कॉम्प्युटरजवळ भिंतीवर एक कागद चिकटवला. बघा, अजून आहे. त्यावर लिहिलंय: "फिरत राहिलं तर बटण एकदाच दाबा आणि फोन करा." खाली माझा नंबर आहे, तो झाकलाय.

ही वायर काढायची चाचणी तुम्हीही करा, पण हंगाम लागायच्या आधी.