धूळ पुसू नका, उचला

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय ‘गाडी आतून साफ करण्याचा योग्य क्रम’. तो क्रम मी सांगणारच आहे. पण आधी फडक्याबद्दल बोलायला हवं, कारण ते फडकं गाडीत आहे तोवर क्रम सांगून काही उपयोग नाही. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खणात कोंबलेलं कोरडं फडकं कोणाकोणाकडे आहे? हात वर करा. बरेच आहेत की! ज्यांचा हात खाली आहे त्यांनी घरी गेल्यावर सीटखालीही बघा.

त्या फडक्याला काम काय काय असतं पाहा. बाहेरच्या आरशावरचं दव त्यानेच पुसायचं, दाराच्या कडेची मातीही त्यानेच, आणि सिग्नलला गाडी थांबली की मीटरची काचही त्यानेच. मधल्या वेळात ते खणाच्या तळाशी साचलेल्या रेतीत पडून असतं. आता धुळीत असतं काय? कपड्यांचे तंतू, त्वचेचा भुसा, काजळी. हे सगळं मऊ, त्याने काही बिघडत नाही. पण रस्त्यावरून आत येते ती बारीक वाळू, आणि वाळूत असतो क्वार्ट्झ. खनिजांची कठीणता मोजायच्या मोह्स श्रेणीत क्वार्ट्झ ७ वर आहे, साधी काच साडेपाचच्या आसपास. आणि मीटरवरचं जे पारदर्शक झाकण आपण ‘काच’ म्हणून पुसतो ते असतं अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट, म्हणजे जेमतेम ३ च्या आसपास. फडकं कितीही मऊ असो, त्याच्याखाली तो एक कण अडकला आणि वरून बोटाचा दाब आला की फडक्याचा पॉलिश पेपर झाला.

त्यात आणखी एक गोष्ट घडते. कोरड्या कापडाने प्लास्टिक घासलं की त्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि तो हवेतली धूळ खेचून घेतो. म्हणून ‘आत्ताच पुसलं आणि लगेच धूळ बसली’ ही तक्रार अगदी खरी आहे. धूळ दिसली म्हणून पुन्हा पुसलं, पुसलं म्हणून पुन्हा बसली, आणि प्रत्येक फेरीत चार चरे वाढले. किंचित ओलं कापड वापरलं की हा भार बराचसा निघून जातो.

पिसांच्या झटकणीबद्दल इथे कोणीतरी विचारणारच. ती धूळ उडवते. उडलेली धूळ अर्ध्या तासात सीटवर आणि पुन्हा डॅशबोर्डवर येऊन बसते. शिवाय पीस झिजलं की आतली टोकदार काडी बाहेर येते, तिचा चरा वेगळाच. कॉम्प्रेसरच्या हवेचंही तेच: धूळ बटणांच्या फटीत आणि एसीच्या जाळीत खोल जाते. बाजारात मिळणारा दाबाच्या हवेचा स्प्रेचा डबा उलटा धरला तर त्यातला द्रव थंडगार बाहेर पडतो, त्याने स्क्रीनला इजा होऊ शकते.

आता पियानो ब्लॅक. गियरभोवतीचं ते काळं, चकचकीत प्लास्टिक. मोबाइलची टॉर्च त्यावर तिरकी धरा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. चरे तिथे सगळ्या दिशांना पडलेले असतात. पण प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून आपल्याला वर्तुळ दिसतं. हात गोल फिरवला तर टॉर्च कुठेही धरा, एखादा तुकडा चमकणारच. म्हणून हात नेहमी सरळ, एकाच दिशेने. चुकून चरा पडलाच तर तो एका विशिष्ट कोनातूनच दिसतो. आणि या भागावर ‘जरा जोर लावून’ हा प्रकार नको. कापडाचं स्वतःचं वजन पुरतं.

मायक्रोफायबर, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम तंतूंचं कापड, ते सगळं चांगलंच असंही समजू नका. एक सोपी परीक्षा सांगतो. जुनी सीडी घ्या. तीही पॉलिकार्बोनेटचीच असते. तिच्या चकचकीत बाजूवर कापडाचा मधला भाग चारदा ओढा, मग शिवलेली कड ओढा, मग कोपऱ्यातलं लेबल. टॉर्चखाली बघा. मधल्या भागाने काही केलं नसेल आणि लेबलने चरे पाडले असतील, तर लेबल कापून टाका आणि कड आत दुमडून वापरा. मधल्या भागानेच चरे पाडले तर ते कापड चाकं पुसायला ठेवा.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली आहेत. तर क्रम भरभर सांगतो, लिहून घ्या.

गाडी सावलीत, आतून थंड झालेली हवी. तापलेल्या डॅशबोर्डवर पाणी लगेच वाळतं आणि डाग राहतात. ब्लोअर बंद, स्क्रीन बंद. मॅट आधी बाहेर काढा. मग वरून खाली यायचं: डॅशबोर्ड, दरवाजे, सीट, शेवटी तळ. एका हातात लांब, मऊ केसांचा ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमचं नोझल, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर. ब्रशने कण उठवायचा, नोझलने तिथल्या तिथे ओढायचा. नोझल प्लास्टिकला टेकवायचं नाही. ब्रशला धातूची पट्टी असेल तर त्यावर टेप गुंडाळा. मॅटसाठी वापरलेला ब्रश वर आणू नका, त्याच्या केसांत रेती असते. जाळ्यांना लहान ब्रश, शिलाईच्या आणि बटणांच्या फटींनाही तोच.

चकचकीत भाग आणि मीटरचं झाकण यांवर ब्रशही नको. तिथे रबरी फुग्याचा ब्लोअर, मग ओलं कापड. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीन थेंब सौम्य न्यूट्रल शाम्पू. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार डाग होऊन बसतात. फवारा कापडावर मारायचा, गाडीवर कधीच नाही, नाहीतर पाणी बटणांत उतरतं. चाळीस सेंटिमीटरचं कापड दोनदा दुमडलं की दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ पृष्ठं मिळतात. प्रत्येक भागाला नवं पृष्ठ घ्या. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. स्क्रीनला नुसतं डिस्टिल्ड वॉटर. अमोनिया असलेला काचेचा क्लीनर स्क्रीनवर, मीटरवर किंवा टिंट फिल्मवर नको. लेप उडतो, प्लास्टिक धुरकट होतं. भोकांच्या लेदर सीटवर कापड ओलसरच ठेवा, थेंब आत गेला की फोममध्ये मुरतो. तेलकट, चमकदार डॅशबोर्ड पॉलिशही नको: धूळ चिकटते आणि पुढच्या काचेत चमक दिसते.

कापडं धुताना सुती कपड्यांपासून वेगळी, कोमट पाण्यात, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता, कारण सॉफ्टनरने तंतूंवर थर बसतो आणि ती धूळ धरत नाहीत. वाळल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवा. जमिनीवर पडलेलं कापड धुतल्याशिवाय परत वापरू नका. आणि एसीचा केबिन फिल्टर मॅन्युअलप्रमाणे बदला. तो फाटला असेल तर सगळं करूनही आठवड्यात डॅशबोर्ड पुन्हा धुळीने भरेल. प्रश्न असतील तर विचारा, मी इथेच आहे.