दोन पंखांची एकच चौकट: किटमधून टायगर मॉथ उभं करताना

मंडळी, नमस्कार.

विषय एका विमानाचा आहे. टायगर मॉथ, दुपंखी, मूळच्या एक-षष्ठांश मापाचं, रेडिओ कंट्रोलवर उडणारं आणि लेझरने कापलेल्या बाल्सा या हलक्या लाकडाच्या किटमधून जोडायचं. आपल्या हवाई दलाचा इतिहासच दुपंखी विमानांनी सुरू होतो. १ एप्रिल १९३३ ला उभ्या राहिलेल्या पहिल्या तुकडीकडे वेस्टलँड वापिटी होती. टायगर मॉथ त्याच काळातलं, पहिलं उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ चं. पुढे आपल्याकडच्या कितीतरी वैमानिकांचे हात याच विमानावर बसले. मूळ पंखविस्तार ८.९४ मीटर, म्हणजे आपल्या मॉडेलचा साधारण १४९ सेंटिमीटर. दारातून बाहेर काढता येईल आणि गाडीच्या मागच्या सीटवर सुटं करून मावेल, असं माप.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. दुपंखी विमानात दोन पंख नसतात, एक चौकट असते. वरचा पंख, खालचा पंख, मधले खांब आणि तिरक्या तारा मिळून एक पेटी होते. पेटीचा एक कोपरा वाकडा बसला की बाकीचे तीन आपोआप वाकडे होतात. एकपंखी मॉडेलमध्ये पंख थोडा चुकला तर पाचर घालून सुधारता येतो. इथे ती सोय नाही. म्हणून क्रम चुकवायचा नाही: आधी नुसता सांगाडा पूर्ण जोडून, मोजून, सरळ करायचा. कापड आणि रंग त्यानंतर.

खोका उघडल्यावर पहिलं काम चिकटवण्याचं नाही, वजन करण्याचं. एकाच जाडीच्या दोन बाल्सा पट्ट्यांच्या वजनात दुपटीचा फरक सहज निघतो. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या आणि प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने आकडा लिहा. जड आणि कडक पट्ट्या स्पारला, म्हणजे पंखभर जाणाऱ्या मुख्य पट्टीला, हलक्या शेपटीला. शेपटीबद्दल काटेकोर राहायचं कारण साधं आहे. तोल साधतो त्या बिंदूपासून शेपूट जितकी लांब, त्याच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर नाक असतं. शेपटीत १० ग्रॅम जादा गेले की नाकात २५-३० ग्रॅम शिसं घालावं लागतं. एकूण वजन २४०० ग्रॅमच्या आत ठेवायचं. दोन्ही पंखांचं क्षेत्रफळ सुमारे ६२ चौरस डेसिमीटर, म्हणजे पंखभार दर चौरस डेसिमीटरला ३९ ग्रॅम. एवढ्यावर हे विमान सावकाश, मूळ टायगर मॉथसारखं तरंगत उतरतं. २८०० वर गेलं की तो डौल जातो.

लेझरने कापलेल्या कडा काळ्या असतात. त्यावर फेव्हिकॉल नीट धरत नाही. बारीक पॉलिश पेपर एक-दोनदा फिरवा, तपकिरी लाकूड दिसलं की थांबा. जास्त घासलं तर खाच सैल होते. पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आपल्या जून-जुलैच्या हवेत फेव्हिकॉल सुकायला रात्रभर लागते आणि सीए (झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट) मात्र नेहमीपेक्षा लवकर पकडतो, कारण तो ओलाव्यानेच घट्ट होतो. दमट दिवसात पातळ सीए ओतून मग भाग सरळ करू म्हटलं तर वेळ मिळत नाही. आधी गुण्यात (काटकोनात) धरा, मग थेंब सोडा.

पंख बांधायचे ते १८ मिलिमीटर ब्लॉकबोर्डवर. बोर्ड सपाट आहे का ते स्टीलच्या पट्टीने दोन्ही कर्णांवर तपासा. पंख पूर्ण सुकेपर्यंत बोर्डवरून उचलू नका. घाईने उचललेल्या पंखाला पीळ बसतो आणि तो पुढे शेवटपर्यंत छळतो. फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, दोन्ही बाजू एकावर एक ठेवून बांधल्या की त्या सारख्याच होतात. फायरवॉलला, म्हणजे मोटार जिच्यावर बसते त्या पुढच्या फळीला, मात्र ३० मिनिटांचा इपॉक्सी आणि कडेने बांबूच्या खुंट्या हव्यातच. मोटारचा रोख २ अंश उजवीकडे आणि २ अंश खाली. किटमध्ये वेगळं लिहिलं असेल तर किटचं ऐका.

आता कॅबेन. फ्यूजलाज आणि वरचा पंख यांना जोडणारे मधले खांब. सगळ्या विमानात याच्याइतकी नाजूक आणि निर्णायक जागा दुसरी नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

हे खांब ३ मिलिमीटर पियानो वायरचे असतात आणि त्यांचे सांधे आपल्याला जोडायचे असतात. चांदीकामाची हुपरी आपल्याजवळ आहे, त्यामुळे चांदीचा डाग देऊन पक्कं करून घेऊ असा विचार कोल्हापुरात साहजिकच येतो. तो करू नका. चांदीच्या डागाला ६०० अंशांच्या वर उष्णता लागते. तेवढ्यात पियानो वायरचं पाणी उतरतं, तिची स्प्रिंग जाते आणि ती साध्या तारेसारखी मऊ होते. सांधा टिकतो, पण पहिल्याच जड लँडिंगला सांध्याशेजारी खांब वाकून राहतो. इथे साधं कथलाचं सोल्डरच योग्य, फक्त त्याची तयारी नीट हवी.

तार एमरी पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, कारण तिच्यावर तेलाचा थर असतो. दोन तारा एकमेकींना टेकतात तिथे अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार १२ ते १५ मिलिमीटर लांबीत, वेढ्याला वेढा चिकटवून, घट्ट गुंडाळा. सोल्डर धरावं म्हणून लावायचं पाणी (फ्लक्स) म्हणून जस्त मारलेलं मिठाचं आम्ल वापरा. कल्हईवाल्याचा नवसागरही चालतो. इलेक्ट्रॉनिक्सची २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री इथे पुरत नाही, पोलाद तिची उष्णता ओढून घेतं. किमान ८०-१०० वॉटची हवी. सोल्डर इस्त्रीला नाही, तापलेल्या तारेला लावायचं. वेढ्यांच्या मधून पांढरी रेघ धावत गेली आणि वेढे तरीही मोजता येत असतील, तर सांधा झाला. वर गोळा बसला असेल तर तो थंड सांधा, हाताने हलवला की सुटेल. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून धुवा आणि कापडाने कोरडं करा. आम्ल राहिलं तर महिन्याभरात गंज चढतो, आणि तो लाकडी आवरणाच्या आत असल्याने दिसत नाही.

हे सगळं साच्यात करायचं. प्लायचे दोन तुकडे, नकाशाप्रमाणे भोकं पाडलेले, गुण्यात उभे केलेले. उद्यमनगरात ड्रिल मशिनवर अर्ध्या तासाचं काम आहे. साचा नसेल तर हातात धरून केलेल्या कॅबेनमध्ये पुढचा-मागचा पाय २ मिलिमीटरने कमी-जास्त होतोच. आपल्या पंखाची रुंदी साधारण २२ सेंटिमीटर आहे. त्यात मागची कड ४ मिलिमीटर वर-खाली झाली की पंखाचा कोन १ अंशाने बदलतो. डावा पंख उजव्यापेक्षा अंशभर जास्त उचललेला असेल तर विमान उजवीकडे झुकत राहतं. रिमोटवरच्या बारीक सुधारणेने, म्हणजे ट्रिमने, ते सावरल्यासारखं वाटतं, पण वेग उतरला की एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीचा) जोर कमी पडतो आणि जास्त कोनातला डावा पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल तुटते. लँडिंगच्या वळणात, दहा मीटर उंचीवर, विमान अचानक डावीकडे आडवं पडतं. लोक म्हणतात सिग्नल गेला. कारण मात्र कॅबेनमध्ये असतं.

कॅबेन बसला की सगळं विमान न चिकटवता, कापडाशिवाय, एकदा पूर्ण उभं करा. रडरच्या (शेपटीतल्या उभ्या सुकाणूच्या) खांबाच्या तळाला दोरा बांधून चारही पंखटोकांपर्यंतची अंतरं मोजा. डाव्या-उजव्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मागून डोळा लावून शेपटीचा आडवा पंख आणि मुख्य पंख एका रेषेत दिसतात का बघा. टायगर मॉथमध्ये वरचा पंख पुढे सरकलेला आणि टोकं मागे वळलेली आहेत. पुढच्या कॉकपिटमधल्या माणसाला पॅराशूटसह बाहेर पडता यावं म्हणून मूळ कारखान्यात मधला भाग पुढे नेला आणि उचल पूर्वीच्या जागी राहावी म्हणून टोकं मागे झुकवली. हे वळण दोन्हीकडे सारखं आलंय का ते याच टप्प्यावर कळतं.

तारा दोन प्रकारच्या. खालच्या पंखाच्या मुळापासून वरच्या पंखाच्या खांबापर्यंत जाते ती उड्डाणात भार घेते; वरून खाली बाहेरच्या खांबाच्या पायाशी जाते ती जमिनीवर. मासेमारीची प्लास्टिक चढवलेली बारीक स्टीलची तार घ्या, टोकाला तांब्याच्या नळीचा तुकडा दाबा आणि एका बाजूला २ मिलिमीटर आट्यांची क्लेव्हिस (आट्यांवर फिरणारी कडी) ठेवा, म्हणजे ताण कमी-जास्त करता येतो. ताण मिरजेच्या तंबोऱ्यासारखा नको. झोळ गेला की थांबायचं. डावी-उजवी तार छेडली की सारखा आवाज यावा, एवढं पुरे. जास्त ओढलेली तार स्पारला बाक आणते आणि मघाशी मेहनतीने मिळवलेला कोन बिघडवते.

आता कापड. प्लास्टिकच्या फिल्मपेक्षा या विमानाला कापडच शोभतं. तयार चिकटवणीचं मॉडेलचं कापड महाग पडतं. अस्तराचं पातळ पॉलिएस्टर तेच काम करतं, पण पॉलिएस्टरच हवं. इचलकरंजीच्या ठाणातलं सुती कापड इस्त्रीने आखडत नाही. दुकानात एक धागा काढून जाळून पाहा: पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो, सूत राख होऊन उडतं. झाकायचा पृष्ठभाग पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास, तर चौरस मीटरला ५० ग्रॅमच्या कापडाचे ८५-९० ग्रॅम होतात. सांगाड्याच्या कडांना पातळ केलेला फेव्हिकॉल लावून सुकू द्या, मग कापड ताणून कडेकडेने १०० अंशांच्या इस्त्रीने बसवा. सुकलेला फेव्हिकॉल उष्णतेने पुन्हा पकडतो. सगळीकडे धरल्यावर १४०-१५० अंशांवर आखडवा, आणि हे खालची बाजू थोडी, वरची बाजू थोडी असं आलटून पालटून. एक बाजू पूर्ण आखडली की पंख तिकडे वळतोच. पंख गार होईपर्यंत बोर्डवर वजनाखाली ठेवा.

कापडाची छिद्रं बुजवायला पाण्यातल्या पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात. डोप (कापडावर चढवायचं थिनरमधलं रोगण) वापरणार असाल तर पाऊस संपू द्या. डोपमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर जमतो आणि रंग दुधासारखा पांढरट पडतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी उत्तम.

मूळ विमानात कापड प्रत्येक रिबला, म्हणजे पंखाच्या बरगडीला, शिवलेलं असायचं, साधारण ३ इंचांवर एक टाका. आपल्या मापात ते १२-१३ मिलिमीटर होतं. सिरिंजमध्ये फेव्हिकॉल भरा, रिबवर त्या अंतराने टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्या, सुकल्यावर वरून ७ मिलिमीटर रुंदीची, नक्षीच्या कात्रीने कापलेली त्याच कापडाची पट्टी चिकटवा. रंगाचा एक हात बसला की पट्टीखाली टाक्यांचे उंचवटे तिरक्या उन्हात दिसतात. आधी वरच्या पंखाचा वरचा भाग करा, लोक तोच बघतात. पिवळा रंग द्यायचा असेल तर खाली पांढरा हात द्यावा लागतो, नाहीतर रिब आणि सांधे रंगातून डोकावतात. सगळा रंग मिळून १०० ग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नका. रंग कुठल्याही एका खऱ्या विमानाच्या फोटोवरूनच घ्या. दोन विमानांची सरमिसळ जाणकाराला लगेच कळते.

विजेचं काम थोडक्यात. ४ सेलची ३३०० एमएएच बॅटरी, ५० अँपिअरचा ईएससी (मोटारचा वेग सांभाळणारं यंत्र), १३ इंची पंखा, आणि वॉट मीटरवर ३० अँपिअरच्या आसपास, म्हणजे सुमारे ४४० वॉट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे. उन्हाळ्याच्या दुपारी इथली हवा पुस्तकातल्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते. पंख्याचा जोर तेवढा कमी मिळतो आणि स्टॉलचा वेगही थोडा वाढतो. किटवर लिहिलेल्या किमान ताकदीवर भागवू नका.

टायगर मॉथला एलेरॉन फक्त खालच्या पंखाला असतात. ते वर १८ मिलिमीटर आणि खाली ६ च ठेवा. दोन्हीकडे सारखे हलवले तर खाली गेलेला एलेरॉन हवेची जास्त ओढ (मागे खेचणारा अडथळा) निर्माण करतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला जातं. वळण रडरने सुरू करायचं, एलेरॉन मदतीला. गुरुत्वमध्य नकाशावर दाखवला आहे तिथेच, किंवा पहिल्या उड्डाणाला त्याच्या ५ मिलिमीटर पुढे. तोल साधताना आधी बॅटरी पुढे सरकवा, शिसं अगदी शेवटी. चाकांचा आस गुरुत्वमध्याच्या पुढे, उभ्या रेषेशी १५ ते २० अंशांवर हवा. कमी असेल तर विमान उतरताना नाकावर उलथतं आणि पहिला मार पंख्याला आणि त्या फायरवॉलला बसतो.

जागेबद्दल. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ पासून आहे. त्याच्या जवळपास उडवायचं नाही. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडा आणि जागा हिरव्या पट्ट्यात आहे याची खात्री करा. ड्रोन नियम २०२१ नुसार २ किलोच्या वर गेलेलं विमान मायक्रो वर्गातून स्मॉल वर्गात जातं, तेव्हा त्या वर्गाच्या अटी आधी वाचून घ्या. मुरमाड, सपाट माळ चांगला. उसाच्या फडाशेजारी मात्र नको. उभ्या उसात उतरलेलं पिवळं विमानही दोन सरींवरून दिसत नाही.

पहिलं उड्डाण हिवाळ्यातल्या सकाळी, वारा अंगाला जेमतेम लागेल इतपत. थ्रॉटल हळूहळू, शेपूट स्वतः उचलू द्या, डावीकडे ओढ लागली की उजवा रडर. उतरताना मोटार बंद करायची नाही. दोन पंख, खांब आणि तारा यांची ओढ इतकी असते की मोटार थांबताच वेग कोसळतो. चाकं टेकेपर्यंत थोडी ताकद ठेवा. उतरल्यावर बॅटरी काढा आणि पुन्हा त्या तारा छेडून बघा. एखादी सैल झाली असेल, तर आधी तिच्या टोकाची तांब्याची नळी सरकली का ते तपासा, मग कॅबेनचा सांधा. दोन्ही ठीक असतील तरच क्लेव्हिस अर्धा आटा फिरवा.