पाळण्यातले नाव आणि कागदावरचे नाव

श्रोतेहो, खानदेशातल्या एखाद्या गावची पन्नास वर्षांपूर्वीची मतदारयादी चाळली, तर चिंधा, भिका, उकर्डा, दगडू, नथू अशी नावे पानोपानी भेटतात. आजच्या तरुण आईवडिलांना ती ओबडधोबड वाटतात आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवायचा विषय निघाला की घरात चुळबुळ सुरू होते. माझ्या मते मात्र या नावांइतकी विचारपूर्वक ठेवलेली नावे आज क्वचितच सापडतील. ज्या घरात लागोपाठ दोन-तीन लेकरे दगावली, त्या घराने पुढच्या बाळाला नव्या कपड्याऐवजी चिंध्यांत गुंडाळले, क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत उचलले, शेजारपाजारच्या घरांतून त्याच्यासाठी कापड मागून आणले किंवा मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे दाखवले. हेतू एवढाच की, मृत्यूची नजर या जिवावर पडू नये. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास हजार जिवंत जन्मांमागे दीडशेच्या आसपास अर्भके पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातला हा आकडा १६ वर आला. भीती ओसरली तशी ती नावेही मागे पडली, आणि ते योग्यच झाले. पण नावाचा अर्थ कोशात पाहण्याआधी ते घराने कशासाठी ठेवले हे विचारावे, एवढे ती नावे आपल्याला अजून सांगू शकतात.

याच कसोटीवर ‘नकोशी’ हे नावही तपासावे लागते. मुलगाच हवा असलेल्या घरात आलेल्या मुलीला हे नाव मिळे आणि त्यामागचे कारण आयुष्यभर तिच्या हजेरीपत्रकावर राही. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली. ती बातमी वाचून आपण खानदेशकरांनी हायसे वाटून घ्यावे, अशी आपली स्थिती नव्हती. त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे जळगाव जिल्ह्यात ८४२ मुली होत्या. राज्याची सरासरी ८९४ होती, आणि ज्या नंदुरबारला आपण मागास म्हणतो तिथे ९४४. ज्या घरात मुलगी जन्माला येऊच दिली जात नाही, तिथे नकोशी हे नाव ठेवण्याचीही वेळ येत नाही.

आता बारशाकडे वळू. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा पुजून जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते अशी समजूत आहे. बाराव्या दिवशी पाळणा सजतो, वरवंट्याला कुंची घालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत तो पाळण्याखालून-वरून फिरवतात, आत्या, म्हणजे आपली फुई, बाळाच्या कानात नाव सांगते, तिच्या पाठीत लाडाचे धपाटे बसतात आणि घुगऱ्या वाटल्या जातात. मुसलमान घरांत सातव्या दिवशी अकीका होतो. विधी निराळे असले, तरी नाव चार माणसांत उच्चारले जावे, ही गरज सगळीकडे एकच दिसते.

जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून वाद घालणाऱ्यांना मी एक साधी गोष्ट सांगतो. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे भाग, आणि प्रत्येक चरणाला नावाचे एक आद्याक्षर, म्हणून एकशे आठ अक्षरे होतात. परंतु आर्द्रेच्या एका चरणाला ‘ङ’ येतो आणि उत्तराभाद्रपदेच्या एका चरणाला ‘ञ’. या अक्षरांनी सुरू होणारे नाव कोणीही शोधून दाखवावे! म्हणूनच जुन्या लोकांनी राशीचे नाव वेगळे आणि हाक मारायचे नाव वेगळे ठेवून वाद मिटवला होता. घरगुती संस्कारांचे नियम सांगणाऱ्या पारस्कर गृह्यसूत्र या प्राचीन ग्रंथातले नियमही बरेचसे उच्चाराविषयी आहेत: मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे आणि त्याची सुरुवात घोष वर्णाने, म्हणजे ग, द, ब यांसारख्या नाद असलेल्या वर्णाने व्हावी. आज मोबाइलवरच्या याद्यांतून निवडलेल्या कित्येक नावांपुढे दिलेला संस्कृत अर्थ कोणत्याही कोशात नसतो. असे नाव आवडले तर जरूर ठेवावे, पण गावातल्या संस्कृतच्या शिक्षकांना आधी एकदा विचारावे.

आपल्याच मातीतली नावे कमी आहेत का? कोथळी-मेहूणची मुक्ताई आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे भास्कराचार्यांची परंपरा या भूमीशी जोडली गेली आहे, तेव्हा त्यांच्या गणितग्रंथाचे लीलावती हे नावही आपलेच. लीलावती ही त्यांची मुलगी होती ही आख्यायिका असेल, तरी गणिताशी जोडलेले मुलीचे नाव आणखी कुठे मिळणार? आसोद्याच्या बहिणाबाईंच्या घरात ओंकार, सोपान आणि काशी ही नावे होती. कीर्तनातून आणि वारीतून घरात आलेली.

शेवटी कागदाचे पाहू. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, म्हणजे बाराव्याचे बारसे त्या मुदतीत सहज बसते. रुग्णालयाने नावाची जागा रिकामी ठेवून नोंद पाठवली असेल, तर वर्षभरात नाव विनाशुल्क भरून घेता येते. नंतर विलंबशुल्क लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना जन्मदाखलाच आधार आहे. पूर्वी मास्तरांनी जनरल रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख आणि सुचेल ते नाव लिहून टाकावे, तशी सोय आता राहिलेली नाही. त्यातच १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचे नाव सरकारी कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिले जाते. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. पण आपल्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची पद्धत अनेक घरांत होती, त्यामुळे आईचे आधार कार्डावरचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे आणि सासरी हाक मारायचे तिसरे, असा घोळ होतो. म्हणून पाळण्याची फुले आणायला जाण्याआधी आईला जवळ बसवून, बाळाच्या नावापुढे तिचे कोणते नाव लागावे, हे तिलाच विचारावे आणि तिचे कागद तसे करून घ्यावेत.