दवाखान्याशी वाद झाला तर: कोर्टाआधीची दारं

मंडळी, वाद पेटला की नातेवाईक आधी माणसं जमवतात आणि कागद मागायचे राहून जातात. क्रम उलटा हवा. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या की ७२ तासांत प्रती द्यायच्या, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट आहे. अर्ज दोन प्रतींत करा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ घालून पोहोच घ्या. 'फाइल द्या' एवढंच लिहिलं तर हाती डिस्चार्ज कार्ड पडतं. रात्री दोनला बीपी किती होता, डॉक्टरांना कधी कळवलं, ते कधी आले, हे त्यात नसतं. ते नर्सिंग नोट्समध्ये असतं. म्हणून नावानिशी मागा: केस पेपर, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, संमतीपत्र, ऑपरेशनची आणि भुलीची नोंद.

आता दार कोणतं? महापालिका हद्दीतल्या खासगी रुग्णालयाच्या बिलाची तक्रार पालिकेच्या आरोग्य विभागाकडे करा. २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी लावणं बंधनकारक केलंय. ती लावली नसेल तर तेही अर्जात लिहा. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते. कौन्सिल ताकीद देईल, काही काळ नोंदणी थांबवेल, पण भरपाई देणार नाही. इथेच पुष्कळांची वर्षं वाया जातात.

भरपाई हवी असेल तर कायमस्वरूपी लोकअदालतीचं दार आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. कायद्यात रुग्णालयाची सेवा ही 'लोकोपयोगी सेवा' मानली आहे. कोर्टात जाण्याआधी अर्ज करायचा, कोर्ट फी नाही, मर्यादा एक कोटी रुपये. न्यायिक अध्यक्ष आणि दोन सदस्य आधी तडजोड घडवायला बसतात. ती झाली नाही तर नेहमीच्या लोकअदालतीसारखी फाइल परत जात नाही. हेच मंडळ निकाल देतं. त्यावर अपील नाही, फार तर हायकोर्टात रिट याचिका. शिवाय एकदा अर्ज केला की त्याच वादासाठी दुसऱ्या कोर्टात जाता येत नाही. म्हणून कागद पूर्ण झाल्याशिवाय अर्ज करू नये, असं माझं ठाम मत आहे.

ग्राहक आयोगातही मध्यस्थी आहे. पण निष्काळजीपणामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल, तर २०२० च्या नियमांनुसार ते प्रकरण मध्यस्थीकडे पाठवता येत नाही.

समोरासमोर बोलणी करताना एक गोष्ट नातेवाइकांना खुपते: डॉक्टर मनात असूनही लगेच सही करत नाहीत. त्यांची इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे उपचारातल्या चुकीची भरपाई भरून देणारा विमा, असते, आणि विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय रक्कम कबूल केली तर कंपनी सहसा हात वर करते. तेव्हा डॉक्टरांनीही तक्रार आली त्याच दिवशी कंपनीला कळवावं. तिच्या उत्तराला वेळ लागतो आणि तेवढ्यात नातेवाइकांचा विश्वास उडतो. 'कंपनीला कळवलंय, अमुक तारखेला पुन्हा बसू' एवढं लेखी दिलं तरी बोलणी तुटत नाहीत.

करारात रक्कम, तारीख, पुढचे उपचार कोण करणार आणि खर्च कोणाचा, हे आकड्यांत व अक्षरांत लिहा. चेक वटण्याआधी 'पूर्ण रक्कम मिळाली' या कागदावर सही करू नका. बोलणी चालू आहेत म्हणून ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत थांबत नाही. ती संपण्याची तारीख आजच अर्जाच्या प्रतीवर लिहून ठेवा.