खोक्यावरचं नाव आणि खोक्यातला पार्ट

नमस्कार, श्रोतेहो.

गाडी गॅरेजमध्ये वर चढवलेली असते. मेकॅनिक फडक्याला हात पुसत येतो आणि विचारतो, "पार्ट कंपनीचा टाकू की बाहेरचा?" कंपनीचा म्हणजे गाडीवाल्या कंपनीच्या खोक्यातला, बाहेरचा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नावाचा. आपण आधी किमतीतला फरक विचारतो. मग गाडी नवी असली तर कंपनीचा, जुनी झाली असली तर बाहेरचा. मीही वर्षानुवर्षं असंच ठरवत आलो.

एकदा मात्र सस्पेन्शनचा आर्म बदलायचा होता आणि मी बाहेरचा आणला. त्यावर एका जागी धातू घासलेला दिसला, नखाएवढा चकचकीत डाग. मला वाटलं, गळ्यात खराब माल मारला. मेकॅनिक हसला आणि काढलेला जुना आर्म त्याने शेजारी ठेवला. अगदी त्याच जागी गाडीच्या कंपनीचं चिन्ह होतं. साचा तोच, कोरलेले आकडेही तेच. बनवणाऱ्याने फक्त चिन्ह घासून काढलं होतं आणि माल स्वतःच्या खोक्यात भरला होता.

गाडीतले कितीतरी पार्ट गाडीवाली कंपनी स्वतः बनवतच नाही. बॉश, डेन्सो, माले, वालेओ असे पुरवठादार ते बनवतात. तेव्हा प्रश्न कंपनीचा की बाहेरचा हा नाहीच. पार्ट कुणी बनवला, हे विचारायचं. पण नाव मोठं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण हेच पुरवठादार कधी कधी स्वस्तातला वेगळा मालही काढतात. जुन्या पार्टवरचा नंबर लिहून घ्या आणि नवा त्याच्याशी जुळतो का ते पडताळा.

आता ऑइल फिल्टर घ्या. बाहेरून सगळे सारखेच, रंगवलेले डबे. पण बऱ्याच फिल्टरांत आत एक रबरी चकती असते. इंजिन बंद झालं की फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू द्यायचं नाही, हे तिचं काम. रबर हलकं असेल तर गरम ऑइलमध्ये ते कडक होतं आणि फिल्टर रात्रीत रिकामा होतो. सकाळी स्टार्टर मारला की ऑइल वर पोचेपर्यंत इंजिन क्षणभर खडखडतं. आपण म्हणतो, थंडी आहे!

ब्रेक पॅडच्या बाबतीत एक सोय आहे. बदली पॅडसाठी संयुक्त राष्ट्रांचा 90 क्रमांकाचा नियम आहे. पेडलवर जोर तेवढाच दिला तर गाडीचं थांबणं मूळ पॅडपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त बदलता कामा नये. हा नियम ज्या देशांनी स्वीकारलाय तिथल्या पॅडवर गोलात 'ई' अक्षर आणि आकडा छापलेला असतो. तो शोधा. सापडला नाही, तर तो पॅड मी तरी घेत नाही.

टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा इंजिनातला पट्टा, त्यात काटकसर नको. पुष्कळ इंजिनांत हा बेल्ट धावता धावता तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग बेल्टवर वाचवलेल्या पैशांचा हिशेब कुणी काढत नाही. एअरबॅग तर फक्त कंपनीचीच, अधिकृत ठिकाणाहूनच. टायर आणि बॅटरीबद्दल उगाच घोर नको, त्या नव्या गाडीतही बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या असतात.

खरी धास्ती बाहेरच्या पार्टची नसतेच, असते नकली 'ओरिजिनल'ची. ज्या नावाला जास्त भाव, त्याचीच नक्कल जास्त. स्पार्क प्लग, फिल्टर, ब्रेक पॅड, सगळ्यांत हे चालतं. छपाई फिकट असेल, नंबर नुसता चिकटवलेला असेल, किंमत नको इतकी कमी असेल, तर दुकान बदला. खोकं आपल्यासमोर फोडायला सांगा आणि जुना पार्ट परत मागा. मेकॅनिक थोडा नाराज होतो, होऊ दे.

वायपरची रबरं मी परवाच बदलली. बाहेरचीच घेतली, काच छान पुसली जातेय.

नमस्कार.