कोरल सोलतंय, पण कुठून?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत ‘रीफ टँकमधील प्रवाळांची ऊतिहानी : निदान आणि उपचार’ असं छापलंय. हे शीर्षक संयोजकांचं. ‘ऊतिहानी’ हा शब्द मी आज दारातल्या फळ्यावर पहिल्यांदा वाचला. घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ, म्हणजे कोरल, पाळणारे आपण टँकवाले म्हणतो, कोरल सोलतंय; म्हणजे त्याचं मांस सांगाड्यावरून सुटतंय. प्रोजेक्टरने आधीच दहा मिनिटं खाल्ली आहेत, तेव्हा प्रस्तावना गाळतो.

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. तिथे एक गोष्ट शिकलो. रिपोर्ट कितीही सुबक असला तरी नळीवरचं लेबल चुकलं, की कावीळ एकाला आणि पथ्य दुसऱ्याला. आमचे एक जुने डॉक्टर रिपोर्ट उलटा ठेवायचे आणि आधी पेशंटची जीभ बघायचे. (मागे कुणीतरी हसलं. तुम्हीही लॅबवाले दिसता.) आपल्या छंदात नेमकं उलटं चालतं. कोरल पांढरं पडलं की आपण टेस्ट किट काढतो, आकडा बघतो आणि बाटली आणायला धावतो. कोरलकडे कुणी बघतच नाही. मला आज एवढंच सांगायचंय.

पांढरं म्हणजे सोललेलं, असंही नाही. ब्लीचिंगमध्ये मांस जागेवर असतं, फक्त मांसात राहणारं सूक्ष्म शेवाळ निघून गेलेलं असतं. मांस पारदर्शक होतं, खालचा सांगाडा दिसतो, पण पॉलिप, म्हणजे कोरलचे इवले तोंडवाले जीव, उघडमीट करत असतात. असं कोरल परतू शकतं. सोललं की मात्र नुसता चुना उरतो आणि काही दिवसांत त्यावर हिरवट शेवाळ धरतं. म्हणून जिवंत मांसाची कड आणि ते शेवाळ यांच्या मधला पांढरा पट्टा बघा. तो रुंद असेल तर सोलणं वेगात चाललंय. अरुंद असेल तर हळूहळू. पट्टाच नसेल, शेवाळ थेट मांसाला भिडलं असेल, तर दुखणं बहुधा थांबलंय आणि तुम्ही उगाच औषध ओतताय.

आता माझी फजिती. वर्तकनगरच्या घरी माझा चार फुटी टँक आहे. त्यात एक हिरवी अ‍ॅक्रोपोरा, म्हणजे फांद्याफांद्यांचं कोरल, हाताच्या पंजाएवढी. एका पावसाळ्यात ती बुडापासून सोलायला लागली. गेलो दुकानात. दुकानाचं नाव घेत नाही, ते गृहस्थ अजून मला नमस्कार करतात. त्यांनी फोटो न बघताच निदान केलं : “अल्क कमी असणार साहेब.” अल्क म्हणजे पाण्याची क्षारता, ती डीकेएचमध्ये मोजतात. मोजलं तर ७ डीकेएच. समुद्रात साधारण तेवढीच असते हो! पण मी बाटली घेतली आणि दोन दिवसांत ७ वरून ११ वर नेली. तिसऱ्या दिवशी फांद्यांची टोकंही जळाली. आधी खालून सोलत होती, आता वरूनही. परत दुकानात. दुसरी बाटली. मग तिसरी, कसल्यातरी अमिनो आम्लाची. सौ.ने एक दिवस सगळ्या बाटल्या ओट्यावर ओळीने मांडल्या आणि विचारलं, “ह्याची पूजा कधी आहे?”

शेवटी मेलेली फांदी काढून स्टीलच्या ताटलीत ठेवली, टाकून द्यायला. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. वय ७८. पंचांग वाचायचं भिंग कायम हाताशी आणि तांदूळ निवडण्यात गेलेलं आयुष्य. ताटली जवळ ओढून म्हणाल्या, “अहो जावईबापू, ह्यात किडा लागलाय की.” मी म्हटलं, आई, हा चुना आहे, चुन्याला कसला किडा? त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. बुडाशी, सोललेल्या जागी, खसखशीहून बारीक, सोनेरी तपकिरी ठिपके एकमेकांना चिकटून बसलेले. अंडी! अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या किड्याची. मग टँकमधल्या उरलेल्या फांदीवर टॉर्च मारला, तर गोल गोल फिकट डाग. घास घेतलेले. किडा स्वतः दिसत नाही, कारण तो खातो त्याच रंगाचा होतो. तीन महिने मी अल्क मोजत होतो आणि इकडे पंगत बसली होती.

ह्या ओघात एक सांगून टाकतो. मागच्या वेळी एक तरुण मालवणहून ‘पडलेला तुकडा’ पिशवीत घालून घेऊन आला. बाबांनो, सगळी दगडी कोरलं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. आपल्या समुद्रातला तुकडा उचलायचा नाही. विकत घेतानाही कागद मागा.

चिठ्ठी आली. ‘५ मि.’ बरं. उपचार पळत पळत सांगतो.

किडा असेल तर कोरल डिप करायचं, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचं, पण डिपने अंडी मरत नाहीत. ती ब्लेडने खरवडा, शक्यतो बूडच कापून टाका, आणि डिप दर आठवड्याला, निदान सहा आठवडे.

रातोरात सोलत असेल तर विचार करत बसू नका. कडेच्या वर, निरोगी भागात एक-दोन सेंटिमीटर आत कापा आणि टोकं वेगळी लावा. आयोडीनचं डिप टँकच्याच पाण्यात. मूळ कोरल वाचेलच असं नाही, फ्रॅग, म्हणजे हे कापलेले तुकडे, वाचतात.

बुडापासून हळू सोलत असेल तर आधी किडा बघा, मग तळाशी पाण्याचा प्रवाह पोचतो का ते, मग अल्कचे चढउतार. आकडा ७ की ९ यापेक्षा तो रोज तोच आहे का ते महत्त्वाचं. वाढवायचाच तर दिवसाला १ च्या आत. टोकं जळत असतील तर बहुतेक वेळा अल्क जास्त आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्य. शून्य आलं की आपण पेढे वाटतो, तिकडे कोरल उपाशी.

टॉर्च, हॅमर या जाड मांसाच्या कोरलांवर तपकिरी लिबलिबीत घाण दिसली, तर आधी पंप बंद. नाहीतर ती टँकभर उडेल. नळीने ओढून घ्या, घाण लागलेलं डोकं कापा, बाकीच्यांना डिप. वास येईल, खिडकी उघडा.

अँटिबायोटिक शेवटी, आणि वेगळ्या भांड्यात. २०१४ मध्ये मायामीजवळ सुरू झालेल्या साथीत वीसच्या वर जातींची कोरलं सोलली, तिथे पाणबुडे कोरलवर अमॉक्सिसिलिनचा लेप लावतात. एका कोरलवरची जखम बऱ्याचदा थांबते, पण नवी जखम होत नाही असं नाही. तेव्हा घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या थेट टँकमध्ये नकोत.

हो हो, थांबतो. ती ताटली आणलीय, चहाच्या टेबलावर आहे. भिंगातून अंड्यांची टरफलं बघून घ्या. भिंग सासूबाईंचं आहे, उद्या एकादशी बघायची आहे त्यांना, तेव्हा खिशात घालून नेऊ नका.